ए. आर. केन : एका श्रवणसत्राच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

विलेपार्ल्याच्या आमच्या श्रवणमंडळाने ऑगस्टचे सत्र माझ्याकडे सोपवले आहे. मंडळ मूळचे शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांचे. जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे एकत्र बसून ऐकावीत आणि नंतर चहाबरोबर त्यांवर वाद घालावा, एवढाच त्याचा उद्देश. अलीकडे जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीतावरही सत्रे झाली आहेत, त्यामुळे मंडळी नव्या नादाला अगदीच बुजत नाहीत. मी अंधेरीतल्या एका डबिंग स्टुडिओत ध्वनिसंकलन करते, म्हणून चिटणीसकाकांनी मला सांगितले, "अगं, तुझ्या धंद्यातलंच काहीतरी घे. आवाज घडवतात कसा, ते आम्हालाही कळू दे." मी ड्रीम पॉप हा विषय सुचवला आणि तो मान्य झाला.

तूर्त आराखडा रूढ इतिहासाप्रमाणेच केला आहे. १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या काही वाद्यवृंदांनी गिटारचा कोरडा आवाज रिव्हर्ब (घुमारा), डिले (उशिरा येणारा पडसाद) आणि कोरस (एका सुराचे जणू अनेक सूर) यांतून इतका फिरवला की सूर कुठे छेडला गेला आणि कुठे विरला, हे सांगणे कठीण व्हावे. गाणाऱ्याचा आवाजही त्यांनी पुढे न ठेवता त्या धुक्यात मागे सारला. आरंभी स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथचे कॉक्टो ट्विन्स, मग रेडिंगचे स्लोडाइव्ह, अमेरिकेतले मॅझी स्टार आणि शेवटी २००४ मध्ये बाल्टिमोरला सुरू झालेले बीच हाउस, अशी ही वाट जाते. कोणत्याही स्ट्रीमिंग अ‍ॅपवर ड्रीम पॉपची तयार यादी उघडली, तर थोड्याफार फरकाने हीच नावे येतात.

१६ जून

आराखडा बदलावा लागेल असे दिसते, आणि त्याला निमित्त झाले एक नाचाचे गाणे.

स्टुडिओतला सहकारी एका कामासाठी १९८७ सालचे 'पंप अप द व्हॉल्यूम' ऐकत होता. हे गाणे न ऐकलेला माणूस आमच्या धंद्यात विरळाच, कारण दुसऱ्यांच्या तबकड्यांतले तुकडे कापून, जोडून गाणे उभे करण्याचा तो गाजलेला नमुना आहे. श्रेयनामावलीसाठी मी डिस्कॉग्ज ही ध्वनिमुद्रिकांची सूची उघडली. तिथे कळले की ते गाणे करणाऱ्या गटाचे एम/ए/आर/आर/एस हे नाव पाच जणांच्या आद्याक्षरांचे आहे : मार्टिन, अ‍ॅलेक्स, रूडी, रसेल आणि स्टीव्ह. मार्टिन आणि स्टीव्ह यंग हे बंधू कलरबॉक्स या गटाचे. अ‍ॅलेक्स आणि रूडी हे ए. आर. केन नावाच्या जोडगोळीचे. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला 'अनितीना' हे गाणे आहे आणि ते मुख्यतः या जोडगोळीचे आहे, हेही तिथेच समजले.

'अनितीना' लावले. ड्रम मशीनचा ठेका नाचाचा, पण त्यावर गिटार अशी ओतलेली की ठेका अधूनमधून तिच्याखाली बुडतो आणि पुन्हा वर येतो, आणि आवाज मात्र या सगळ्या गोंगाटात शांतपणे, जवळजवळ आळसावून गातो. त्यानंतर त्यांचा १९८८चा 'सिक्स्टी नाइन' हा अल्बम रात्री घरी हेडफोनवर अथपासून इतिपर्यंत ऐकला. ड्रीम पॉपच्या ज्या याद्या मी इतके दिवस चाळत होते, त्यांच्यात ही गाणी का भेटली नाहीत, हा प्रश्न ऐकता ऐकताच पडला. आणि उत्तराचा अंदाज अल्बमच्या मध्यावर येता येता बांधता आला. याद्यांमधली गाणी झोप यावी म्हणून लावतात. ही गाणी ऐकून झोप उडते.

सत्र केवळ ए. आर. केनवर घ्यावे, असे ठरवते आहे.

२२ जून

चरित्राची जुळवाजुळव. जे पक्के आहे तेवढेच पत्रकात जाईल.

अ‍ॅलेक्स आयुली आणि रूडी टँबाला हे पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्ड भागातले बालमित्र. आयुलीचे आईवडील नायजेरियाचे. टँबालाचे वडील मलावीचे आणि आई इंग्रज. आयुली जाहिरात कंपनीत कॉपीरायटर होता, हे कळल्यावर पुढचा किस्सा अधिक पटतो. एका पार्टीत त्यांनी आपला वाद्यवृंद असल्याची थाप मारली आणि तो वाजवतो कसा असे विचारल्यावर 'थोडासा व्हेल्व्हेट अंडरग्राउंड, थोडासा कॉक्टो ट्विन्स, थोडा माइल्स डेव्हिस, थोडी जोनी मिचेल' असे वर्णन ठोकून दिले. ते फिरत फिरत ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या कानावर गेले, आणि मग वाद्यवृंद खरोखरच उभा करावा लागला. कॉक्टो ट्विन्सना त्यांनी चॅनेल फोर या ब्रिटिश दूरचित्रवाणी वाहिनीवर पाहिले होते. ड्रमवादक नाही, मागे यंत्र चालू आहे आणि तरीही एवढा मोठा नाद निघतो आहे, हे पाहून हे आपल्यालाही जमेल असे त्यांना वाटले.

'व्हेन यू आर सॅड' ही पहिली तबकडी १९८६ मध्ये वन लिटल इंडियनने काढली. १९८७ मध्ये ते कॉक्टो ट्विन्सच्याच फोर एडी या संस्थेत गेले आणि कॉक्टो ट्विन्सचा गिटारवादक रॉबिन गथ्री याने त्यांच्या 'लॉलिटा' या तीन गाण्यांच्या तबकडीची निर्मिती केली. त्याच वर्षी एम/ए/आर/आर/एसचा उद्योग झाला. दोन गटांचे आपसात जमले नाही. 'पंप अप द व्हॉल्यूम' मुख्यतः कलरबॉक्सने डीजेंच्या साहाय्याने केले आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. फोर एडीला पहिला क्रमांक प्रथमच मिळाला होता. त्याच सुमारास स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन या निर्मात्यांनी आपल्या गाण्याचा तुकडा वापरला म्हणून न्यायालयातून काही दिवस मनाई आणली. एवढ्या धामधुमीत दुसऱ्या बाजूकडे कोण पाहणार! ए. आर. केन फोर एडी सोडून रफ ट्रेडकडे गेले.

रफ ट्रेडकडे १९८८ मध्ये 'अप होम!' आणि 'सिक्स्टी नाइन', आणि १९८९ मध्ये 'आय' हा दोन तबकड्यांचा संच, ज्यात लहानमोठ्या मिळून २६ नोंदी आहेत. १९९४ मध्ये गायक डेव्हिड बर्नच्या लुआका बॉप या संस्थेकडून 'न्यू क्लिअर चाइल्ड' आला. तोवर आयुली अमेरिकेत राहायला गेला होता, आणि जोडगोळी तिथेच थांबली.

शिवाय एक गोष्ट पत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात हवी : 'ड्रीमपॉप' हा शब्द आपल्या संगीतासाठी प्रथम वापरल्याचे श्रेय आयुलीलाच दिले जाते, मेलडी मेकर साप्ताहिकातल्या सायमन रेनॉल्ड्स या समीक्षकाने पुढे तो रुळवला. ज्यांनी बारसे केले त्यांचेच नाव घरच्या यादीत नाही.

३० जून

ते यादीत का नाहीत, याचा आज नेटाने विचार केला. एकच कारण पुरत नाही.

रफ ट्रेडची वितरणव्यवस्था १९९१ मध्ये कोसळली. अशा वेळी छोट्या वाद्यवृंदांच्या मूळ टेप कुठल्या कुठे जातात. याच संस्थेचे दुसरे नाव म्हणजे बॉस्टनचे गॅलक्सी ५००. त्यांच्यातल्या डेमन क्रुकोव्स्की आणि नेओमी यांग यांनी आपल्याच मूळ टेप लिलावात बोली लावून सोडवून घेतल्या, म्हणून १९९६ मध्ये त्यांचे संगीत पुन्हा बाजारात आले. ए. आर. केनची एकत्रित सिंगल्स २०१२ मध्ये आणि 'अप होम!', 'सिक्स्टी नाइन' व 'आय' यांचा संच रॉकेट गर्ल या संस्थेकडून २०२३ मध्ये निघाला. दरम्यानच्या काळात ड्रीम पॉपचा इतिहास लिहून झाला होता.

मुंबईपुरते पाहिले तर काळही त्यांच्या विरुद्ध होता. १९८८ मध्ये इथे दूरदर्शनच होते. उपग्रह वाहिन्यांमधून एमटीव्ही आला १९९१ मध्ये, आणि पाश्चात्त्य रॉकविषयी आपल्याकडे नेमाने लिहिणारे रॉक स्ट्रीट जर्नल सुरू झाले १९९३ मध्ये, तेही अलाहाबादहून. म्हणजे इथला श्रोता असे काही ऐकायला तयार होईपर्यंत यांचा शेवटचा अल्बम येऊ घातला होता. काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले आणि स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आले. मधल्या पिढीने जे ऐकले ते मित्रांच्या हार्ड डिस्कमधून.

पण अ‍ॅप आले म्हणजे वाट मोकळी झाली असेही नाही, आणि इथे पुन्हा गॅलक्सी ५००चेच उदाहरण उपयोगी पडते. त्यांचे 'स्ट्रेंज' हे गाणे जानेवारी २०१७ पासून स्पॉटिफायवर त्यांच्या इतर सर्व गाण्यांना मागे टाकून पुढे निघाले. ते सिंगल म्हणून कधी निघाले नव्हते, कुठल्या चित्रपटातही वाजले नव्हते. तेव्हा स्पॉटिफायमध्ये असलेल्या ग्लेन मॅकडोनल्ड या तज्ज्ञाने तपास केल्यावर उलगडा झाला : त्या महिन्यापासून ऑटोप्ले ही सोय सर्वांसाठी आपोआप चालू ठेवण्यात आली होती. आपण लावलेला अल्बम संपला की यंत्र त्यासारखे गाणे शोधून लावते, आणि 'स्ट्रेंज' हे त्या वाद्यवृंदाच्या बाकीच्या गाण्यांपेक्षा इतरांच्या गाण्यांसारखे अधिक होते. यंत्राला वेगळेपणाशी कर्तव्य नाही. आधीच्या गाण्याशी सांधा दिसू नये, एवढेच त्याला साधायचे असते.

हा निकष ए. आर. केनला लावून पाहावा. त्यांचे एक गाणे गोंगाटाचे, दुसरे डबच्या, म्हणजे जमैकातल्या बासप्रधान संगीताच्या, अंगाने जाणारे, तिसऱ्यात चेलो आणि किंकाळ्या, चौथे थेट नाचाचे. आपल्याच मागच्या गाण्यासारखे जे वाजत नाहीत, ते दुसऱ्या कोणाच्या गाण्यानंतर गुपचूप येऊन कसे बसणार? यादी करणाऱ्याने उशी तेवढी ठेवून घेतली आणि स्वप्न बाहेर काढले, असे माझे मत झाले आहे.

आणखी एक कारण आहे आणि ते टाळून चालणार नाही. इंग्लंडमध्ये गिटारचे 'इंडी' संगीत, म्हणजे छोट्या स्वतंत्र संस्थांकडून निघणारे, हे गोऱ्या मुलांचे क्षेत्र मानले जाई. दोन कृष्णवर्णीय तरुण गिटारचा गोंगाट करतात म्हटल्यावर वृत्तपत्रांनी त्यांना 'कृष्णवर्णीय जीझस अँड मेरी चेन' ठरवून टाकले. डब आणि जॅझ त्यांच्या संगीतात उघड असताना तुलनेला मात्र एक गोरा वाद्यवृंद पुरला.

८ जुलै

रात्रभर पाऊस, सकाळी रुळांवर पाणी, शाळांना सुट्टी आणि लोकल ठप्प. अंधेरीला पोहोचणे शक्य नव्हते. 'सिक्स्टी नाइन' आज स्टुडिओतल्या कानाने ऐकला, म्हणजे दर गाण्याला थांबून टिपणे काढत.

दहा गाणी आहेत. 'क्रेझी ब्लू'ने सुरुवात मोकळी, जॅझच्या वळणाची होते आणि मग गिटार तिच्या अंगावर येते. 'बेबी मिल्क स्नॅचर'मध्ये सारी भिस्त बासवर आहे. तो इतका खाली आणि इतका संथ आहे की वर काहीही घडले तरी गाणे हलत नाही. हे डबचे तंत्र. जमैकात किंग टबी आणि ली पेरी यांनी मिक्सिंगच्या टेबलालाच वाद्य केले : गायकाचा आवाज मध्येच उचलून घ्यायचा, त्याच्या शेवटच्या अक्षराला एकोत सोडायचे, आणि ती घरंगळत असताना खाली ढोल आणि बास तेवढे ठेवायचे. मी रोज संवादांवर रिव्हर्ब टाकते ती जागा दाखवण्यासाठी, म्हणजे पात्र जिन्यात आहे की देवळात, हे कळावे म्हणून. इथे रिव्हर्ब जागा दाखवत नाही, उलट काढून घेते. बास कानाशी आहे, आवाज लांबच्या खोलीत आहे आणि गिटार एकाच वेळी दोन्हीकडे आहे. या तिन्ही गोष्टी एका इमारतीत मावत नाहीत.

'डिझी'मध्ये चेलोचे संथ सूर आहेत, त्यांच्यावर एक गंभीर गाता आवाज आहे आणि त्याच्या पाठीमागे त्याच माणसाचे जणू अनेक आवाज किंचाळत आहेत. किंकाळ्या रेकॉर्डिंगमध्ये मागे ठेवल्या आहेत हे महत्त्वाचे. त्या पुढे आणल्या असत्या तर नाटक झाले असते. मागे असल्यामुळे गाणारा त्या ऐकतो आहे आणि तरीही गातो आहे, असे वाटत राहते. संपूर्ण अल्बममध्ये मला सर्वांत धाडसी वाटलेले मिश्रण हेच. 'द सन फॉल्स इन्टू द सी'मध्ये याच्या उलट : ठेका जवळजवळ नाहीच, लखलखते सूर एकमेकांवर पडत राहतात आणि आवाज त्यांत तरंगतो. 'स्कॅब' आणि 'सलिडे' यांनी माझी परीक्षा पाहिली. ती दोन गाणी मला आकाराला आलेली वाटत नाहीत, आणि सत्रात घेणार नाही.

हा अल्बम, गिटारच्या गोंगाटासाठी पुढे गाजलेल्या माय ब्लडी व्हॅलेंटाइन या वाद्यवृंदाच्या 'इझन्ट एनीथिंग'च्या काही महिने आधी आला, हे पत्रकात लिहावे. मंडळात दोघांना तरी त्याचे महत्त्व कळेल.

१४ जुलै

चिटणीसकाकांकडे निवडीतली काही गाणी ऐकवायला गेले होते. ते स्वतः वर्षानुवर्षे हार्मोनियमवर साथ करत आले आहेत आणि गोंगाटाविषयी त्यांचे मत चांगले नाही.

'लॉलिटा' शांतपणे ऐकले, पण गिटार फुटून गाण्यावर कोसळू लागल्यावर हात वर करून म्हणाले, "हे बिघडलंय की मुद्दाम आहे?" मुद्दाम आहे, असे सांगून फीडबॅक समजावून दिला. गिटार अ‍ॅम्पसमोर धरली की स्पीकरचा आवाज तिच्या तारेला पुन्हा कंप देतो, तो कंप पुन्हा अ‍ॅम्पमध्ये जातो, आणि चक्र चालू राहते. तार न छेडता वाजू लागते आणि पुष्कळदा मूळ सुराऐवजी तिच्यातला एखादा वरचा स्वर पकडून बसते. काकांनी थोडा विचार केला आणि कोपऱ्यातल्या तानपुऱ्याकडे बोट दाखवले. "जवारी लावतो ती कशासाठी? तारेखालचा दोरा नेमका बसला, की घोडीवर तार घासते आणि सगळे वरचे स्वर उमलतात. तुझा हा प्राणी तेच करतोय, फक्त त्याला कोणी आवरलेलं नाही."

हे मी जसेच्या तसे पत्रकात घेणार आहे. फरक आहे तो असा की तानपुऱ्याचा नाद स्थिर राहून गायकाला आधार देतो आणि ए. आर. केनचा फीडबॅक गाणाऱ्याची जागा हिसकावून घेतो. 'लॉलिटा'च्याच तबकडीवरल्या 'बटरफ्लाय कलेक्टर'च्या शेवटी तर गाणारा उरतच नाही. तरीही आमच्या श्रोत्यांना आत शिरायला ही वाट रिव्हर्बच्या वाटेपेक्षा जवळची पडेल.

काकांची आणखी एक सूचना : गाणी सलग लावू नकोस, प्रत्येकानंतर थोडी शांतता ठेव. मान्य.

२१ जुलै

सभागृहाची पाहणी. हनुमान रोडवरच्या एका सोसायटीचा हॉल आहे. लादी, गिलावा, दोन बाजूंना खिडक्या आणि लोखंडी खुर्च्या. मधोमध उभी राहून टाळी वाजवली तर ती छताला लागून बराच वेळ रेंगाळली. मोजमाप साधारण १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच. वॉलेस सॅबाइनचे जुने सूत्र लावले (घनफळाला ०.१६१ने गुणून ध्वनिशोषणाने भागायचे) तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज ६० डेसिबल उतरायला सुमारे सव्वातीन सेकंद लागतात. चाळीसएक माणसे बसली की तो काळ दीड सेकंदाच्या आसपास येतो, आणि जमिनीवर सतरंज्या आणि खिडक्यांना जाड पडदे लावले तर एक सेकंदाच्या थोडा वर.

भजनाला सव्वातीन सेकंद गोड वाटतील. इथे मात्र रेकॉर्डिंगमध्येच मुळात एवढा रिव्हर्ब आहे की त्यावर हॉलचा चढला तर बास आणि आवाज यांचा लगदा होईल. सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या सतरंज्या माळ्यावर आहेत. त्या उन्हात घालायला हव्यात, पण ऊनच नाही. पडद्यांसाठी स्टुडिओतली जुनी फेल्टची आवरणे मागितली आहेत.

विमानतळ जवळच असल्यामुळे विमानांचा प्रश्न सुटण्यासारखा नाही. उड्डाण झाले की काचा थरथरतात आणि खालचे स्वर गिळले जातात. आवाजाची पातळी थोडी वाढवून ठेवायची आणि 'द सन फॉल्स इन्टू द सी'साठी देवाची प्रार्थना करायची.

३ ऑगस्ट

क्रम ठरला. प्रथम कॉक्टो ट्विन्सचे १९८४चे 'पर्ली-ड्यूड्रॉप्स ड्रॉप्स', म्हणजे ए. आर. केन कुठून निघाले ते कळेल. मग 'व्हेन यू आर सॅड', 'लॉलिटा', 'अनितीना', 'बेबी मिल्क स्नॅचर', 'डिझी', 'द सन फॉल्स इन्टू द सी', आणि शेवटी 'आय'मधले 'अ लव्ह फ्रॉम आउटर स्पेस'. या शेवटच्या गाण्यावरून अँड्र्यू वेदरॉल आणि शॉन जॉन्स्टन यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या आपल्या नृत्यरात्रींना नाव दिले. म्हणजे ज्यांना ड्रीम पॉपवाले विसरले त्यांना डीजे विसरले नव्हते.

पत्रकावर काकांच्या दोन हरकती. अल्बमचे नाव आकड्यात छापू नये, ज्येष्ठ सभासद काय समजतील ते समजोत. म्हणून 'सिक्स्टी नाइन' अक्षरी छापले, ज्याने काहीच साधले नाही. दुसरी हरकत 'बेबी मिल्क स्नॅचर'वरच्या परिच्छेदाला. मार्गारेट थॅचर १९७१ मध्ये शिक्षणमंत्री असताना सात वर्षांवरील शाळकरी मुलांचे मोफत दूध बंद झाले आणि 'दूध हिसकावणारी' हे नाव त्यांना कायमचे चिकटले. गाणे आले तेव्हा त्या पंतप्रधान होत्या. गाण्यात राजकारणाचे भाषण नाही, त्यात दूध आणि भूक फार वेगळ्या, शरीराच्या अंगाने येतात, पण शीर्षक ऐकताच १९८८च्या इंग्रज श्रोत्याला कोण आठवत असेल, हे आमच्या श्रोत्यांना सांगितल्याशिवाय कळणार नाही. परिच्छेद ठेवला.

लॅपटॉपवरच्या अ‍ॅपमधला ऑटोप्ले बंद केला आहे आणि गाणी स्वतंत्र फाइलमध्येही घेऊन ठेवली आहेत.

११ ऑगस्ट

सत्र पार पडले. पाऊस नव्हता, त्यामुळे हॉल बऱ्यापैकी भरला. फेल्टने काम केले आणि बास स्वच्छ आला.

'लॉलिटा'नंतर चुळबुळ होती, 'अनितीना'ला काही पाय हलले. 'बेबी मिल्क स्नॅचर'ने मात्र मंडळींना पकडले. संथ बासवर एका तबलजींनी मांडीवर ठेका धरला आणि गाणे संपल्यावर "लय पक्की आहे हो याची," अशी दाद दिली, जी या मंडळात सहजी मिळत नाही. 'डिझी' सुरू असताना दोन सभासद उठून बाहेर गेले. त्यांतील एक पाणी प्यायला गेले होते, हे नंतर कळले.

'द सन फॉल्स इन्टू द सी'च्या ऐन मध्यात विमान उडाले. आवाज चढत गेला, काचा वाजल्या, आणि लखलखते सूर त्याखाली बुडून पुन्हा वर आले. गाणे संपल्यावर पुढच्या रांगेतल्या काकूंनी विचारले, "तो मोठा घुमारा रेकॉर्डातलाच ना? छान घातलाय." मी खरे काय ते सांगितले, तरी त्यांचे मत बदलले नाही.

चर्चेत मुख्य आक्षेप नाट्यसंगीत गाणाऱ्या एका ताईंचा होता : शब्द कळू द्यायचे नसतील तर गातात कशाला? चिटणीसकाकांनी लगेच विचारले, "तराण्यात तरी कुठे कळतात?" ताईंचे म्हणणे असे की तराण्यातली अक्षरे लयीसाठी घडलेली असतात, तोंडात बसतात, त्यांना शिस्त असते, इथे शब्द आहेत आणि ते लपवले आहेत, म्हणजे ही चोरी आहे. मला हा मुद्दा मोलाचा वाटतो. आयुली शब्द लपवतो ते ऐकणाऱ्याने थोडे पुढे झुकावे म्हणून, असे मी म्हटले. आणि पुढे झुकल्यावर 'लॉलिटा'मधले प्रेमगीत हिंसेकडे वळलेले ऐकू येते, तेव्हा मागे सरायला उशीर झालेला असतो. ताई म्हणाल्या की हे त्यांना मुळीच आवडले नाही, पण आता समजले.

१३ ऑगस्ट

मंडळातल्या कॉलेजात जाणाऱ्या सभासदाने काल 'अ लव्ह फ्रॉम आउटर स्पेस' फोनवर पुन्हा लावले. ते संपल्यावर अ‍ॅपने आपणहून पुढची गाणी सुरू केली. तीनचार गाण्यांतच तो एकसारख्या मंद, गोड गाण्यांमध्ये जाऊन पोहोचला आणि ए. आर. केन पुन्हा आले नाहीत. त्याला 'सिक्स्टी नाइन' क्रमाने ऐकायला सांगितले आहे, 'स्कॅब'सकट. मला ते पटले नाही म्हणून त्यालाही पटू नये असे नाही.

सतरंज्या माळ्यावर गेल्या, आवरणे स्टुडिओत परत दिली. दिवाळीनंतरच्या सत्रात 'आय' पूर्ण, चारही बाजू, दोन बाजूंनंतर चहा, असे ठरले आहे. चिटणीसकाकांची अट एवढीच की या वेळी पत्रकात थॅचरबाईंना जागा देऊ नये. मी अजून हो म्हटलेले नाही.